‘आढळले नाही’ म्हणजे काय? वैद्यकीय ग्रंथपालांच्या शिक्षणाची एक गोष्ट

मागे दोन-तीन खुर्च्या रिकाम्या दिसताहेत, दारात उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसावं.

पत्रिकेत आजचा विषय छापून आला आणि दोघा-तिघांचे फोन आले. सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, हे इस्पितळातल्या ग्रंथपालांचं मध्येच काय काढलंत? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. निवृत्तीनंतर आम्ही काही वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर होतो. माणसांवर जे संशोधन करायचं असतं त्याला परवानगी देणारी ही समिती. तिच्यात डॉक्टरांखेरीज एक कायद्याचा जाणकार असतो, एक सामान्य नागरिक असतो आणि एखादा समाजशास्त्राचा किंवा तत्त्वज्ञानाचा माणूस असतो. त्या शेवटच्या खुर्चीत आम्ही बसायचो. चहा चांगला मिळायचा.

आमच्यापुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात एक वाक्य असायचं. ‘उपलब्ध साहित्याचा आढावा घेतला असता सदर औषधाचे कोणतेही गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत.’ शब्द थोडे इकडे तिकडे, पण वाक्य हेच. आम्ही ते वाचायचो आणि सही करायचो. ज्या माणसाने आयुष्यभर वर्गात ‘आढळत नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक शिकवला, त्याने त्या टेबलावर एकदाही विचारलं नाही की हा आढावा घेतला कोणी, कुठे घेतला आणि कोणत्या सालापासूनचा घेतला. आजचं बोलणं त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आता आपण अमेरिकेत बाल्टिमोर या शहरात जाऊ. आजच्या गोष्टीतली बरीच माणसं याच एका गावात ये-जा करतात.

२००१ सालचा मे महिना. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावर संशोधन चालू होतं. निरोगी माणसाच्या श्वासनलिका मोकळ्या कशा राहतात, त्यात मज्जातंतूंचा भाग किती, हे पाहायचं होतं. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं औषध वाफाऱ्यासारखं हुंगायला द्यायचं ठरलं. २४ वर्षांची एक तरुणी, तिथेच तंत्रज्ञ म्हणून काम करणारी, स्वयंसेवक म्हणून पुढे आली. ४ मे रोजी तिने ते औषध घेतलं. मग कोरडा खोकला, मग धाप, मग इस्पितळ, मग फुप्फुसं निकामी होत गेली. २ जूनला ती वारली.

चौकशी झाली आणि पुष्कळ दोष निघाले. तिच्या आधीच्या एका स्वयंसेवकालाही खोकला झाला होता, त्याची वेळेवर दखल घेतली गेली नव्हती. संमतिपत्रकात जे स्पष्ट सांगायला हवं होतं ते सांगितलेलं नव्हतं. जुलैमध्ये सरकारने तिथलं माणसांवरचं जवळजवळ सगळं सरकारी खर्चाचं संशोधन काही दिवस थांबवलं. यातला एक दोष आपल्या विषयाचा. संशोधकाने औषध सुरक्षित आहे की नाही हे पाहायला पबमेड या संगणकीय सूचीत शोध घेतला होता, आणि एक चालू पाठ्यपुस्तक पाहिलं होतं. पबमेड त्या वेळी १९६६ पर्यंतच मागे जात होतं. आणि हेक्झामेथोनियम हे १९५० च्या दशकातलं औषध! तेव्हा ते रक्तदाबावर द्यायचे, आणि ते घेणाऱ्या काही रोग्यांच्या फुप्फुसांना इजा झाल्याच्या नोंदी त्याच दशकातल्या नियतकालिकांत छापलेल्या होत्या. त्या काळाची छापील सूची ग्रंथालयांत होती. बातमी फुटल्यावर ठिकठिकाणच्या वैद्यकीय ग्रंथपालांनी त्या नोंदी शोधून काढल्या, आणि त्यासाठी त्यांना फारसा वेळही लागला नाही.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर आम्ही गोष्ट सोपी करून सांगितल्यासारखं होईल. काही जाणकारांचं म्हणणं असं की जुन्या नोंदी औषध दीर्घकाळ घेणाऱ्या आजारी माणसांच्या होत्या, एकदा हुंगणाऱ्या निरोगी मुलीच्या नव्हेत. त्या वाचूनही संशोधक थांबला असताच असं नाही. बरोबर आहे. पण वाचून पुढे जायचं ठरवणं वेगळं आणि वाचलेलंच नसणं वेगळं. पहिल्यात निदान ‘असं असं पूर्वी घडलंय’ हे त्या मुलीला सांगता आलं असतं.

जाता जाता रक्तदाबाचा विषय निघालाच आहे तर मुंबईची आठवण काढतो. त्याच काळात रक्तदाबावर दुसरं एक औषध जगापुढे आलं, ते आपली सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्याबद्दल लिहिलं आणि मग पाश्चात्त्य डॉक्टरांनी कान टवकारले. पण सर्पगंधेने रक्तदाब उतरतो आणि वेडातही उपयोग होतो, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोघांनी १९३१ सालीच इंडियन मेडिकल वर्ल्ड या मासिकात छापलं होतं. १८ वर्षं! कागद होता, शाई वाळलेली होती, तरी जगाच्या दृष्टीने ती गोष्ट जवळजवळ नव्हतीच. एकीकडे धोका छापलेला असून सापडला नाही, दुसरीकडे उपाय छापलेला असून सापडला नाही.

आता दोन मिनिटं आमच्या दुकानातला माल दाखवतो, रागावू नका. आपल्याकडे सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी एक मोठा प्रश्न हाताळला. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कशाने कळतं? डोळ्यांना घडा दिसतो, ‘घड्याचं नसणं’ कसं दिसणार? त्यांनी यासाठी एक स्वतंत्र प्रमाणच मानलं, अनुपलब्धी. नैयायिकांना ते वेगळं प्रमाण म्हणून मान्य नव्हतं, त्यांचा भाट्ट मीमांसकांशी यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. पण एका बाबतीत बहुतेकांचं एकमत होतं. नुसतं न दिसणं पुरत नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. उजेड हवा, डोळा शाबूत हवा, मध्ये आडोसा नको. घडा असता तर तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्याला किंमत. याला म्हणतात योग्य अनुपलब्धी. बौद्धांमध्ये धर्मकीर्तीनेही हेच बंधन घातलं, की जे दिसण्याजोगं आहे त्याच्याच न दिसण्यावरून ते नाही असं अनुमान काढा; पिशाच्च दिसत नाही एवढ्यावरून पिशाच्च नाही हे सिद्ध होत नाही.

बाल्टिमोरची १९६६ ची मर्यादा म्हणजे ती अंधारी खोली. ‘आढळले नाही’ हे वाक्य खरंच होतं. त्याला लागणारी योग्यता नव्हती. शोधाला ही योग्यता आणणं हे एक कसब आहे, ते शिकावं लागतं आणि पुन्हा पुन्हा शिकावं लागतं. हे कसब शिकणाऱ्या लोकांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

तो सुरू होतो जॉन शॉ बिलिंग्ज या तरुण डॉक्टरपासून. १८६० च्या सुमारास ओहायोमध्ये शिकत असताना त्याने अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेचा विषय प्रबंधाला घेतला. पूर्वी कोणी काय केलं हे पाहायला गेला तर पुस्तकं एका गावात, मासिकं दुसऱ्या गावात, आणि कुठे काय आहे हे सांगणारी यादी कुठेच नाही. तो त्रास त्याच्या मनात राहिला. पुढे यादवी युद्धात तो सैन्यात सर्जन झाला आणि युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनला सर्जन जनरलच्या कचेरीतलं छोटंसं ग्रंथालय त्याच्याकडे आलं. दोन हजारांच्या आसपास पुस्तकं असतील. ३० वर्षांनी त्याने ते सोडलं तेव्हा तिथे लाखाच्या वर पुस्तकं होती. १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचर या सहकाऱ्याला घेऊन त्याने इंडेक्स मेडिकस सुरू केलं, जगभरच्या वैद्यकीय लेखांची विषयवार मासिक सूची. पुढच्याच वर्षी ग्रंथालयाच्या मोठ्या सूचीचा पहिला खंड निघाला. आजची पबमेड ही त्याच घराण्यातली.

आणि योगायोग पाहा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळाची इमारत, जी १८८९ मध्ये उघडली, तिची आखणी याच बिलिंग्जने केली होती. ज्या माणसाने वैद्यकातल्या जुन्या नोंदी सापडाव्यात म्हणून हाडाची काडं केली, त्यानेच उभ्या केलेल्या संस्थेत शंभरावर वर्षांनी जुनी नोंद पाहिली गेली नाही. बिलिंग्ज खानेसुमारीच्या कामातही होता. तिथे कार्डांना भोकं पाडून यंत्राने मोजणी करता येईल ही कल्पना हर्मन हॉलरिथला आपल्याला बिलिंग्जकडून सुचली, असं हॉलरिथ स्वतः सांगे. हे पंच-कार्ड लक्षात ठेवा, पुढे येईल.

सूची झाली. पण सूची वाचायची कोणी? १८९८ मध्ये फिलाडेल्फियाला चार डॉक्टर आणि चार ग्रंथपाल जमले आणि त्यांनी वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना काढली, तीच आजची मेडिकल लायब्ररी असोसिएशन. काढणाऱ्यांत प्रख्यात डॉक्टर विल्यम ऑस्लर होते. संघटना ग्रंथपालांची असली तरी तीन दशकांहून अधिक काळ अध्यक्ष डॉक्टरच व्हायचे. ग्रंथपालांनी पुस्तकं सांभाळायची, जादा प्रती एकमेकांना पाठवायच्या, धूळ झटकायची.

ही रीत मोडली मार्शिया नॉइज या बाईंनी. त्याही बाल्टिमोरच्याच. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्या नोकरीला होत्या, वैद्यकाचा गंध नव्हता. १८९६ मध्ये मेरिलँडच्या डॉक्टरांच्या संस्थेचं ग्रंथालय त्यांच्याकडे सोपवण्यात आलं. निवडीमागे ऑस्लर होते. शिकवायला कोणी नव्हतं, अभ्यासक्रम नव्हता. नॉइजबाईंनी काय केलं, तर इंडेक्स मेडिकस समोर ठेवून त्यावरून आपल्या पुस्तकांसाठी स्वतःची वर्गीकरण पद्धत बेतली. म्हणजे वर्गीकरण करता करता वैद्यक शिकल्या. नंतर संस्थेची नवी इमारत झाली तेव्हा तिच्याच वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. रात्री-बेरात्री एखाद्या डॉक्टरला संदर्भ हवा असेल तर ग्रंथपाल इमारतीतच. ५० वर्षं त्यांनी हे केलं. १९३३ मध्ये त्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, डॉक्टर नसलेल्या पहिल्या आणि स्त्रियांतल्याही पहिल्या. १९४६ मध्ये त्या गेल्या. त्यांना शिकवणारं कोणी नव्हतं हे आम्ही कौतुकाने सांगतो खरं, पण ती काही कौतुकाची गोष्ट नाही. दर नव्या ग्रंथपालाने ५० वर्षं घालवून स्वतःच शिकायचं म्हटलं तर मधल्या काळातल्या रोग्यांचं काय?

ही अडचण त्या व्यवसायालाही जाणवली. १९४९ पासून संघटना ग्रंथपालांना प्रमाणपत्र देऊ लागली. १९६५ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला आणि वैद्यकीय ग्रंथालयांना, त्यांतल्या माणसांच्या प्रशिक्षणासकट, सरकारी पैसा मिळू लागला. १९८९ मध्ये ठरावीक काळाने नवं शिकल्याचा पुरावा द्यायचा, तरच मान्यता टिकेल, अशी रचना आली. हा सगळा तपशील कंटाळवाणा आहे, आम्ही तो भरभर सांगून मोकळे होतो.

खरी गंमत १९६४ मध्ये सुरू झाली. बिलिंग्जचं ग्रंथालय आता राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झालं होतं, वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाला हललं होतं, आणि तिथे सूचीसाठी संगणक आला. मेडलार्स त्याचं नाव. भोकांच्या कार्डांचं स्वप्न फिरून त्याच घरी परतलं म्हणायचं. आता डॉक्टर पत्र पाठवून विचारू शकत, की अमुक विषयावर काय काय छापलंय ते काढून द्या. मधे बसलेला प्रशिक्षित माणूस ते पत्र वाचून यंत्राच्या भाषेत प्रश्न मांडायचा.

या शोधांची परीक्षा विल्फ्रिड लँकेस्टर नावाच्या माणसाने घेतली. सुमारे ३०० खरे प्रश्न घेऊन त्याने तपासलं, की जे सापडायला हवं होतं त्यातलं किती सापडलं. १९६८ मध्ये उत्तर आलं: सरासरी ५८ टक्के. आणि जे हाती आलं त्यातलं कामाचं किती? निम्मं. जगातली सर्वांत आधुनिक यंत्रणा, शिकलेली माणसं, आणि दहातल्या चार गोष्टी निसटत होत्या. लँकेस्टरने चुकांची कारणंही वेगळी केली. काही चुका सूची करणाऱ्यांच्या, काही शोध मांडणाऱ्यांच्या. आणि सुधारणेला सर्वांत जास्त वाव कुठे, तर विचारणारा आणि यंत्रणा यांच्यामधल्या बोलण्यात. डॉक्टरला खरं काय हवंय हेच नीट बाहेर येत नव्हतं. आपल्याकडेही खेड्यातली बाई डॉक्टरला ‘अंगात कसकस’ म्हणते आणि डॉक्टर ‘फीवर’ लिहून मोकळा होतो, तसंच काहीसं.

हे ऐकलं की १९७१ मध्ये कॅन्सस सिटीला गर्ट्रूड लँब या बाईंनी काय केलं त्याचं महत्त्व कळतं. त्यांनी ग्रंथपालाला वॉर्डात नेलं. डॉक्टर सकाळी रोग्यांच्या खाटांपाशी फिरतात ना, त्या राउंडला ग्रंथपाल बरोबर. प्रश्न जिथे जन्मतो तिथेच तो ऐकायचा, चिठ्ठीवर लिहून आलेला नव्हे. त्यासाठी ग्रंथपालाला वैद्यकाची भाषा, वॉर्डाची शिस्त, रोग्याचं गुपित राखणं, सगळं शिकावं लागलं. त्याच वर्षी मेडलाइन आलं, म्हणजे दूर बसून तारेवरून शोध. तेही सुरुवातीला प्रशिक्षण घेतलेल्यांनाच वापरता यायचं.

मग १९९७ चा जून. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या हस्ते पबमेड सगळ्या जगाला फुकट खुलं झालं. ही फार मोठी, फार चांगली गोष्ट झाली, त्यात शंका नको. आमच्या तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरलाही ते मिळालं. पण त्यातून एक गैरसमज घरोघर पोचला. चौकट समोर आली, शब्द टाकला, यादी आली. म्हणजे शोध झाला. ज्या कामासाठी कालपर्यंत माणसं प्रशिक्षण घेत होती त्याला आज काही शिकावं लागत नाही, असं वाटू लागलं. २००१ ची ती घटना याच्या अवघ्या चार वर्षांनंतरची आहे.

हा गैरसमज मोडायचं काम दुसरीकडून चालू होतंच. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरने १९७० च्या दशकात वैद्यकाला खडसावलं होतं, की तुमच्या उपचारांच्या चाचण्या तुम्ही एकत्र करून कधी तपासतच नाही. त्याच्या नावाने १९९३ मध्ये कॉक्रेन संस्था उभी राहिली. एका उपचाराच्या जगातल्या सगळ्या चाचण्या गोळा करायच्या आणि मग निकाल द्यायचा. ‘सगळ्या’ हा शब्द आला की ग्रंथपाल आलाच. १९९४ मध्ये के डिकरसिन, रॉबर्टा शेरर आणि कॅरल लफेव्हर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. पहिल्या दोघी बाल्टिमोरला काम करणाऱ्या, लफेव्हर ऑक्सफर्डच्या माहितीतज्ज्ञ. त्यांनी दाखवलं की अस्तित्वात असलेल्या चाचण्यांपैकी मेडलाइनच्या शोधात सरासरी निम्म्याच सापडतात. मग काय करायचं? मासिकं हातात घेऊन पान न्‌ पान चाळायचं. संगणकाच्या युगात जगभरच्या माणसांनी हजारो अंक असे हाताने चाळले आणि सुटलेल्या चाचण्या सूचीत घातल्या. कुमारिलांच्या भाषेत, खोलीत दिवा आणला.

कॅनडातल्या मार्गरेट सॅम्पसन आणि जेसी मगाउन या दोघींनी तर आणखी पुढची पायरी गाठली. २००६ मध्ये त्यांनी असे मोठे आढावे घेणाऱ्यांचे ६३ शोध तपासले, त्यांची मांडणी ओळ न्‌ ओळ वाचली. ९०.५ टक्के शोधांमध्ये निदान एक तरी चूक निघाली. चुका कसल्या? स्पेलिंगच्या. एखादा पर्यायी शब्द विसरल्याच्या. ओळींचे क्रमांक चुकल्याच्या. आणि ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ टाकल्याच्या. हे वाचून आम्ही खुर्चीत सावरून बसलो, कारण ही चूक आम्ही तर्कशास्त्राच्या पेपरांत तीसेक वर्षं लाल शाईने खोडत आलो. ‘दमा किंवा श्वासविकार’ म्हणायचं तिथे ‘दमा आणि श्वासविकार’ म्हटलंत, की ज्या लेखात एकच शब्द आहे तो गळाला. वर्गात त्याला एक मार्क जायचा.

त्यातून एक नवी शिस्त निघाली. संशोधनाचा लेख छापण्याआधी दुसरे तज्ज्ञ तपासतात, तसाच एका ग्रंथपालाचा शोध तो चालवण्याआधीच दुसऱ्या ग्रंथपालाने तपासायचा. त्याची ठरलेली प्रश्नावली आहे, २०१५ मध्ये ती सुधारून पुन्हा आली. अमेरिकेतल्या मेलिसा रेथलेफसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवलं, की ज्या आढाव्यांत ग्रंथपाल सहलेखक असतो त्यांतल्या शोधाची मांडणी सरस असते. सहलेखक, हा शब्द ध्यानात घ्या. धूळ झटकण्यापासून इथवर यायला १०० वर्षं लागली. आणि सहलेखक झालं की श्रेयाबरोबर चुकीची जबाबदारीही अंगावर आली.

आता घरी येऊ. ग्रंथपालाला शिकवावं लागतं हे आपल्याला कळलं नव्हतं असं नाही. कवळाण्याचे गोपाळराव, म्हणजे बडोद्याचे सयाजीराव महाराज, यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला, हिंदुस्थानातला पहिला. पुढे मद्रासला गणिताचे प्राध्यापक रंगनाथन ग्रंथपाल झाले. त्यांचंही आधी मन रमेना. लंडनला शिकून आले आणि मग जगाला शिकवू लागले. १९३१ च्या त्यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं आहे. याच १९३१ मध्ये सेन-बोस यांचा सर्पगंधेवरचा लेख छापला जात होता. २००७ मध्ये आयसीएमआरने पैसे भरून कॉक्रेनचं सगळं ग्रंथालय देशभर फुकट वाचायला खुलं केलं. दार उघडलं. आत शिरून शोधायचं कसं हे शिकवायला माणूस ठेवला का, हे प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःला विचारावं.

आम्ही ज्या समितीवर होतो तिथलं सांगतो. तिथे ग्रंथपाल एक मॅडम होत्या, २० वर्षं नोकरी झालेल्या. आमची ओळख तळमजल्यावर वर्तमानपत्र वाचता वाचता झाली. एकदा त्या म्हणाल्या, “सर, तुमच्या समितीपुढे येणारे प्रस्ताव आमच्याकडे कोणी आणतच नाही. मुलं मोबाइलवर बघतात आणि लिहितात.” त्यांनी आढाव्याच्या शोधावरच्या पाच दिवसांच्या कार्यशाळेला जायची परवानगी मागितली होती. अर्ज परत आला. कार्यालयातल्या कोणीतरी तोंडी सांगितलं, की पुस्तकं देण्या-घेण्याला कसलं आलंय प्रशिक्षण? शिक्षकांना कॉन्फरन्सला जायला ड्यूटी लीव्ह होती, मॅडमना नव्हती. त्या स्वतःच्या रजेवर, स्वतःच्या पैशाने गेल्या. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, त्याचंच आम्हाला जास्त लागलं.

परत आल्यावर आम्ही त्यांना एक प्रस्ताव दाखवला. नावं झाकून, अध्यक्षांना विचारून. एका जुन्या औषधाचा नवा उपयोग करून पाहायचा होता, आणि खाली तेच वाक्य, ‘आढळले नाहीत’. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तीन पानं दिली. कुठे शोधलं, कोणत्या वर्षापासून, कोणते शब्द, औषधाची जुनी नावं कोणती, काय मिळालं आणि काय पाहता आलं नाही. वृक्कावर परिणाम झाल्याच्या दोन जुन्या नोंदी त्यात होत्या. प्रस्ताव फेटाळला गेला नाही. संमतिपत्रकात एक परिच्छेद वाढला आणि ज्यांचं वृक्क आधीच कमकुवत आहे त्यांना वगळायचं ठरलं. बस, इतकंच झालं. पण त्या रात्री आम्ही आधीच्या वर्षांतल्या आमच्या सह्या मोजायचा प्रयत्न केला आणि तो नाद सोडून दिला.

पुढच्या बैठकीत आम्ही सुचवलं की अर्जात एक रकाना घाला: साहित्याचा शोध कोणी घेतला, कोठे, कोणत्या सालापासून. एक-दोघांनी नाक मुरडलं, पण रकाना आला. मॅडम दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. त्यांची जागा भरली गेली नाही. आता तिथे कंत्राटावरचा एक मुलगा बसतो. चांगला मुलगा आहे, सहा-सहा महिन्यांची ऑर्डर असते त्याची. आमच्या शेवटच्या बैठकीत ११ प्रस्ताव होते. नऊ जणांनी त्या रकान्यात लिहिलं होतं, ‘स्वतः’. सालाची जागा सगळ्यांनीच कोरी सोडली होती.

कोणाला काही विचारायचं असेल तर माईक तिकडे आहे.